पंचमीआधीचं मूळ

आमच्या भागात लग्न झालेली लेक माहेरी एकटी येत नाही. पंचमीला नि दिवाळीला तिला आणायला भाऊ जातो. भाऊ नसला तर चुलता, तोही नसला तर भावकीतलं कुणीतरी. त्याला मुळाला जाणं म्हणतात आणि जाणाऱ्याला मुराळी. मुराळी गेला की सासरचे त्याला जेवू घालतात, एक मुक्काम करायचा आग्रह करतात, आणि दुसऱ्या दिवशी लेक पिशवी घेऊन त्याच्या मागं निघते. सण झाला की परत पोचवायचं कामही त्याचंच. आता पोरी स्कूटीवर फिरतात, हातात मोबाइल असतो, तरी हे चालूच आहे. मुराळ्याशिवाय दारात उभी राहिलेली लेक भांडून आलेली असते, असं अख्खं गाव न विचारता समजून घेतं.

मी एका बहिणीचा मुराळी. आमचं गाव राणीसावरगावपासून थोडं आत, आणि बहीण दिली पार चुडाव्याकडं. गंगाखेडला मोटारसायकल लावायची, तिथून रेल्वेनं परभणी, परभणीहून पूर्णा, आणि पूर्णेच्या पुढं चुडावा. स्टेशनावर उतरलं की अजून दोन कोस. वडील लवकर गेले, त्यामुळं घरातला कर्ता मीच. त्यात शाळेवर मास्तर. गावात माझ्या शब्दाला वजन होतं. मास्तर म्हणाले म्हणजे तसंच असणार, असं लोक धरून चालायचे. ते वजन मी कुठं नि कसं वापरलं, ते आज लिहायला बसलोय. बरेच दिवस टाळत होतो.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. पंचमीला अजून अकरा दिवस होते. शाळेत मधली सुट्टी चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बहीण होती.

"दादा, मी गंगाखेडला हाय. एसटी स्टँडवर. न्यायला येतोस का?"

मी विचारलं, "कोणासंगं आलीस?"

"लेकरू हाय संगं."

काय झालं, असं मी विचारलं नाही. कोणासंगं आलीस, हा माझा पहिला प्रश्न होता. पुढं कैक वेळा मी स्वतःला समजावलं की घाईत माणूस असंच काहीतरी विचारतो. पण तसं नाही. मला जे कळून घ्यायचं होतं तेच मी विचारलं होतं.

स्टँडवर ती एका कडेच्या बाकावर बसली होती. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढलेला, आणि शेजारी चार वर्षांची भाची आईच्या साडीचा काठ मुठीत धरून. बहिणीच्या हातात पिशवी नव्हती. मला आधी तेच दिसलं. माहेरी निघालेल्या बाईजवळ पिशवी नाही म्हणजे ती अंगावरच्या कपड्यानिशी निघालेली आहे, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही ओळखेल.

म्हणून मी काय केलं, तर त्या दोघींना तिथंच बसवलं आणि बाजारात जाऊन एक कापडी बॅग विकत घेतली. त्यात एक साडी, भाचीसाठी झगा, वर बिस्किटाचे पुडे नि डझनभर केळी. बॅग चांगली फुगली पाहिजे, एवढं मी आवर्जून बघितलं. बहीण म्हणाली, "कशाला रे दादा एवढं?" तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, भावाला आपली माया आली. मला तेव्हा गावाच्या पारावर बसलेली चार माणसं दिसत होती.

ती माणसं होतीच. मी गाडीचा वेग मुद्दाम कमी केला. एकानं विचारलं, "मास्तर, मूळ आणलं का काय?" मी म्हणालो, "हाव, आणलं. औंदा जरा आधीच." बॅग बहिणीच्या मांडीवर सगळ्यांना दिसेल अशी होती. घराकडं वळताना मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

घरी आल्यावर बायकोनं पाणी तापवलं आणि बहिणीला न्हाऊ घालायला न्हाणीत गेली. थोड्या वेळानं ओल्या हातांनीच बाहेर आली नि मला गोठ्याकडं बोलावलं.

"पाठ बगितली का तुमी तिची?" ती म्हणाली. "पट्ट्याचे वळ हायत सगळे. जुने बी हायत, नवे बी. आन् डाव्या कानातून पाणी यायलंय."

माझी आठ वर्षांची मुलगी आईच्या मागं येऊन उभी राहिली होती. मी तिला हाकललं. बायको म्हणाली, "दवाखान्यात न्यावं लागंल."

"नेऊ की. आधी तिकडं कळवू दे," मी म्हणालो.

गोठ्यात उभं राहूनच मी बहिणीच्या सासऱ्यांना फोन लावला. पलीकडून नुसतं "मास्तर..." एवढंच आलं. म्हातारा घाबरलेला होता. सून सकाळी घरातून निघून गेली, नवऱ्यानं मारलेली होती, आणि आता तिचा भाऊ काय म्हणतो, पोलिसात जातो की चार माणसं घेऊन दारात येतो, हे त्याला कळत नव्हतं. तो क्षण माझ्या हातात होता. त्या वेळी मी नुसतं खरं बोललो असतो, तरी ते घर हललं असतं.

मी म्हणालो, "मामा, तुमच्या सुनेला मी घेऊन आलोय. पंचमीचं मूळ. पुढं शाळेला सुट्टी न्हाई म्हून आधीच आलो. तुमी रानात गेला होतात, सांगायचं राहून गेलं."

मग म्हातारा म्हणाला, "हाव, हाव. बरं केलंत. लय बरं केलंत." आम्ही दोघं खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्याला त्याच्या लेकाची इज्जत राखायची होती आणि मला माझ्या घराची. फोन ठेवल्यावर मला वाटलं, काय सफाईनं निभावून नेलं आपण. मी स्वतःवर खूश झालो होतो.

गंगाखेडच्या डॉक्टरांनी तिच्याकडं बघून विचारलं, कसं झालं म्हणून. तिनं तोंड उघडायच्या आधी मी सांगितलं, न्हाणीत पाय घसरून पडली. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं नि तेच लिहिलं. कानाचा पडदा फाटला होता.

पुढचे अकरा दिवस घर सणाचं सोंग घेऊन बसलं. ज्वारीच्या लाह्या फोडल्या, लिंबाला झोका बांधला. बांगड्या भरायला कासारीण आली, तेव्हा बहिणीनं फक्त उजवा हात पुढं केला. डाव्या मनगटाला अजून सूज होती. माझी आई चटकन म्हणाली, "ऱ्हाऊ दे, त्या हाताला गाठ आलीया तिच्या." आईला सगळं ठाऊक होतं. ती रात्रंदिवस लेकीच्या ताटात तूप वाढत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "पोरगं झालं की निवळंल तो." आईला मी दोष देत नाही. तिच्या हातात तूपच होतं. माझ्या हातात फोन होता.

भाची मात्र सोंगात सामील झाली नाही. घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी ती आधी आईच्या तोंडाकडं बघायची, हे हसणंच आहे ना याची खात्री करायची, आणि मग खेळायला लागायची. गल्लीतून मोटारसायकल गेली की कोठीतल्या पोत्यांमागं जाऊन बसायची. माझ्या मुलीला आधी हा लपाछपीचा खेळ वाटला. दोन दिवसांनी तिनं आईला विचारलं, "हिला गाडीचं भ्या कामून वाटतंय?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, मी इथंच ऱ्हाते. रानात काम करते, जनावरांचं बगते. तुमच्यावर वझं न्हाई हुणार मी."

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं. "बाई, मी पंचमीचं मूळ आणलंय म्हून सांगितलंय तिकडं. पंचमी झाली की पोचवावं लागंल. न्हाई तर लोक काय म्हणतील?"

म्हणजे माझंच खोटं मी तिला कारण म्हणून सांगितलं. जणू ते कुणी वरून घालून दिलेलं होतं आणि माझाही इलाज नव्हता. ती सासर सोडून आली होती, आणि मी तिचं येणं पुसून त्या जागी सण लिहिला होता. सणाला आलेली लेक परत जाते. तिनं माझ्याकडं बघितलं, "बरं" म्हणाली, आणि आत जाऊन त्याच बॅगेत कपडे भरायला लागली.

मी तिला पोचवलं. चुडाव्याच्या स्टेशनावर दाजी स्वतः घ्यायला आले होते. मला बघून हसत म्हणाले, "या मास्तर." भाचीनं माझ्या बोटाला जो विळखा घातला होता तो मी सोडवला. घरी जेवणाला पुरणपोळी होती, आणि मी दोन खाल्ल्या. निघताना दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जरा संभाळून घ्या." ते म्हणाले, "आमी काय वाघ हावोत का, मास्तर?" तिथं बसलेले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

त्या दिवशी संध्याकाळी काय झालं, ते तिनं मला फार उशिरा सांगितलं. दाजी तिला म्हणाले, "पळून गेलीस ना? तुह्या भावानं काय सांगितलं म्हाईत हाय का? मूळ आणलं म्हणला. आता कुठं जायचं तिथं जा." त्या दिवशी त्यांनी तिला मारलं नाही. मारायची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर आठ वर्षं मी इमानानं मुळाला जात राहिलो. वर्षातून दोनदा. ती बॅग भरून तयार असायची. गाडीत खिडकीशी बसायची आणि उजवा कान माझ्याकडं करून ऐकायची. सासरबद्दल चकार शब्द काढायची नाही. मी मनाची समजूत घातली की बोलत नाही म्हणजे बरं चाललं असणार. शाळेत एखादं पोर कधीच हात वर करत नसलं तर त्याला सगळं येतं असं मी कधी समजलो नाही. तिथं एवढी अक्कल होती. बहिणीच्या बाबतीत ती अक्कल मी मुद्दाम घरी ठेवून जायचो.

माझ्या घरातही काहीतरी बदललं होतं. बायको पूर्वी माझ्याशी कचाकचा भांडायची. भाजीतल्या मिठावरून, शाळेतून उशिरा येण्यावरून, कशावरूनही. भांडण झालं की माहेरी फोन करून भावाला माझ्या चहाड्या सांगायची आणि तो मला चिडवायचा. ते सगळं हळूहळू बंद पडलं. मी आवाज चढवला की ती गप्प व्हायची. मला वाटलं, वय वाढलं, समजूतदार झाली. एकदा मी तसं गमतीत म्हणालोही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी मला कदी मारलं न्हाई, हे मला ठावं हाय. पण मारलं असतं तर मला बी तुमच्यासारखाच एखादा भाऊ न्यायला आला असता, हे बी तवापासून ठावं हाय." मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. राग तिचा आलेला नव्हता, पण काढला तिच्यावरच.

चार वर्षांपूर्वी बहिणीच्या सासऱ्यांचा फोन आला. "मास्तर, औंदा बी मूळ लवकर नेलं का?"

मी म्हणालो, "न्हाई. मी कुठं आलोय?"

म्हातारा हसला. "असू द्या, असू द्या. पंचमी झाली की पोचवा म्हंजे झालं." मी शपथा घेतल्या. त्याला त्या खऱ्या वाटल्या नाहीत. मी पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि समोरचा माणूस मला ओळखून असल्यासारखा हसत होता.

मी वेड्यासारखा झालो. नातेवाइकांना फोन केले, गंगाखेडच्या स्टँडवर दोन दिवस जाऊन बसलो. विहिरी, रेल्वेचे रूळ, नको नको ते मनात यायला लागलं. पाचव्या दिवशी बायकोला माझी दया आली. म्हणाली, "परभणीत हाय ती. पोरीला घेऊन उतरली तिथं. पयल्या दिवसापासून मला म्हाईत हाय. तुमाला सांगू नको म्हणली होती, शपथ घातली होती."

चुडाव्याहून माहेरी यायला परभणी वाटेतच लागतं. ती परभणीला उतरली आणि पुढं आलीच नाही. कृषी विद्यापीठातली पोरं जेवायला येतात अशा एका मेसमध्ये भाकरी करायचं काम धरलं, जवळच एक खोली घेतली, आणि बारा वर्षांच्या मुलीचं नाव शाळेत घातलं. एवढं सगळं तिनं पाच दिवसांत केलं, आणि त्यात मी कुठंही नव्हतो.

मी गेलो. भाचीनं दार अर्धंच उघडलं, माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, आणि आत सांगितलं, "आई, मामा आलाय. एकटाच हाय." एकटाच, हे तिनं आईला धीर यावा म्हणून सांगितलं होतं. बहीण पिठाच्या हातांनी बाहेर आली. रडली नाही, की चिडली नाही.

"कशाला आलास दादा?" तिनं विचारलं. "पोचवायला?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा मास्तर. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा भाकरी थापायला गेली. तिला पन्नास भाकरी करायच्या होत्या.

पुढं तिनं कोर्टात अर्ज केला. दाजींच्या वकिलाचं म्हणणं एकच होतं. ही बाई दरवर्षी भावाबरोबर हसतखेळत माहेरी जायची नि यायची. छळ होता तर एवढ्या वर्षांत कधी पळून का गेली नाही? तेव्हा बहिणीनं मला निरोप पाठवला, तोही बायकोकडून. साक्ष द्यायची असेल तर ये म्हणाली. आई म्हणाली, "मेलेल्या बापाचं नाव कोर्टात नेतोस का?" मी आईला पहिल्यांदा उलट बोललो.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या वर्षी मी मुळाला गेलो नव्हतो. ती मार खाऊन पळून आली होती. मी तिच्या सासऱ्यांना खोटं सांगितलं, डॉक्टरांना खोटं सांगितलं, आणि तिला परत नेऊन सोडलं. वकिलानं चष्मा काढला नि विचारलं, "मास्तर, म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?" पाठीमागं कुणीतरी खुदकन हसलं. माझ्यावर कुणाचाही विश्वास का बसावा?

निकाल बहिणीच्या बाजूनं लागला. माझ्या साक्षीमुळं नव्हे. परभणीत आल्याबरोबर तिनं स्वतः दवाखान्यात जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं होतं, त्या कागदामुळं लागला. बाहेर आल्यावर मी तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. खरं सांगायचं तर माझी अपेक्षा होती. एवढ्या लोकांत स्वतःची लाज काढली, आता ती काहीतरी गोड बोलेल.

"बरं केलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण दादा, हेच तवा फोनवर म्हणला असतास तर किती थोडं बोलावं लागलं असतं."

आता माझी मुलगी वीस वर्षांची आहे. परभणीत शिकते आणि दोन्ही वेळ आत्याच्या मेसमध्ये जेवते. बहीण माझ्याशी बोलते, सणाला घरी येते, एकटी येते, दोन दिवस राहून स्वतःच्या पायांनी जाते. लोक काही म्हणत नाहीत. म्हटलं असतं तरी काय बिघडलं असतं, हे मला आता कळतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलीसाठी एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला आहे, घर शिकलेलं आहे. मुलीनंही भेटून बघते म्हटलं. पाहुणे गेल्यावर दुपारी ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, तिथं मी जाऊन बसलो. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. आठ दिवस मनात घोळवत होतो.

म्हणालो, "बाई, हे जमो न जमो, पुढं कुठंही दिली तरी एक ध्यानात ठेव. काही झालं, हात उचलणं तर सोडच, नुसती कुणाची जीभ वाकडी झाली, तरी सहन करायचं न्हाई. मूळ-बीळ, सण-बीण कशाची वाट बघायची न्हाई. तडक निघायचं. लोक काय म्हणतील ते मी बघून घेतो."

तिनं ऐकून घेतलं. हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"मला माहीत आहे पप्पा कुठं जायचं ते," ती म्हणाली.

मला एवढं बरं वाटलं. म्हटलं, निदान हिला तरी आपलं घर आहे हे कळलं. तरी मास्तरची खोड, वदवून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी विचारलं, "कुठं?"

"आत्याकडं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दवाखाना कुठं आहे हे एखाद्याला सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि पुढची शेंग उचलली. आतून बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी आता काय म्हणतो ते ती ऐकत होती. "अगं, मी आहे ना," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"हो," मी म्हणालो. "तिकडंच जा."